हरलेल्या जगातील विजय : ‘वुल्फेन्स्टाइन – द न्यू ऑर्डर’ या खेळाच्या आकर्षणाविषयी

गेल्या वर्षी आमच्या पदव्युत्तर वर्गात दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासलेखनाविषयी चर्चा चालू असता बोलण्याच्या ओघात मी ‘वुल्फेन्स्टाइन : द न्यू ऑर्डर’ या व्हिडिओ गेमचा उल्लेख केला, आणि तो खेळ मला प्रिय आहे असेही सांगून टाकले. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ज्या युद्धात कोट्यवधी माणसे मेली, त्याचा निकाल उलटा लावायचा आणि त्यावर बंदुकीचा खेळ रचायचा, यात आवडण्यासारखे काय आहे?” शेवटी तो खेळ आहे, खेळाकडे खेळ म्हणूनच पाहावे, अशा अर्थाचे काहीतरी मी त्या वेळी बोललो. ते उत्तर नव्हते, पळवाट होती, हे तिच्या चेहऱ्यावरून मला तेव्हाच कळले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला सावकाश दिलेले उत्तर आहे. विषय प्रबंधाचा नाही, हे मान्य आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला एखादी कल्पित घटनामालिका का आकर्षून घेते, हा प्रश्न आपल्या शास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

प्रथम या खेळाचे कूळ सांगणे अवश्य आहे. सायलस वॉर्नर या अमेरिकन गृहस्थाने १९८१ मध्ये ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ नावाचा खेळ अॅपल-२ या संगणकासाठी रचला. त्यात गोळीबारापेक्षा लपाछपीला अधिक महत्त्व होते. शत्रूचा गणवेश अंगावर चढवून पहारेकऱ्यांना चकवावे, किल्ल्यातील गुप्त योजना हस्तगत कराव्यात आणि बाहेर पडावे, असा त्याचा बेत. पुढे १९९२ मध्ये ‘इड सॉफ्टवेअर’ या संस्थेने तेच नाव घेऊन ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’ काढला. खेळाडूच्या डोळ्यांतून जग दाखवणारा, हातात बंदूक देऊन वेगाने धावावयास लावणारा जो प्रकार पुढे जगभर पसरला, त्याचा पाया या खेळाने घातला. त्यातील भुयारे सपाट, भिंती काटकोनातल्या, शत्रू पुठ्ठ्याच्या बाहुल्यांसारखे. एका भागाच्या शेवटी तर यांत्रिक चिलखत घातलेला हिटलरच समोर येतो. नाझी येथे केवळ सोयीचे लक्ष्य आहेत. ज्याला मारताना कोणाचेच मन कचरणार नाही असा शत्रू हवा होता, तो इतिहासाने तयार करून ठेवला होता. आमच्या विद्यार्थिनीच्या मनातील आक्षेप या १९९२ च्या खेळाला पुरेपूर लागू पडतो, आणि त्या बाबतीत मी तिच्याशी वाद घालणार नाही.

२०१४ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेला ‘द न्यू ऑर्डर’ हा त्याच कुळातला असला तरी त्याची जातकुळी वेगळी आहे. स्वीडनमधील उप्साला या जुन्या विद्यापीठ-नगरीत २००९ मध्ये स्थापन झालेल्या ‘मशीनगेम्स’ या संस्थेने तो घडवला. नायक तोच जुना, विल्यम ब्लाझकोविच, पोलिश-ज्यू रक्ताचा अमेरिकन सैनिक. कथेचा आरंभ जुलै १९४६ मध्ये होतो. म्हणजे ज्या युद्धाचा युरोपातील शेवट आपण मे १९४५ असा शिकलो ते येथे अद्याप चालूच आहे, आणि ते दोस्तांच्या अंगावर येत चालले आहे. ‘डेथ्सहेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन सेनापतीच्या किल्ल्यावर शेवटचा हल्ला होतो, तो फसतो, आणि पळून जाताना ब्लाझकोविचच्या डोक्यात स्फोटाचा तुकडा घुसतो. त्याला पोलंडमधील एका मनोरुग्णालयात आणून ठेवले जाते, आणि तेथे तो चौदा वर्षे निश्चल बसून राहतो. १९६० मध्ये तो शुद्धीवर येतो तेव्हा न्यूयॉर्कवर अणुबाँब पडून अमेरिकेने शरणागती पत्करल्यालाही बारा वर्षे होऊन गेली आहेत.

पर्यायी इतिहास ही कल्पना काही नवी नाही. जर-तरच्या गोष्टींना इतिहासात स्थान नाही, असे आपण विद्यार्थ्यांना बजावतो. पण अलेक्झांडर पश्चिमेकडे वळून रोमवर चालून आला असता तर काय झाले असते, याची चर्चा लिव्हीसारख्या इतिहासकारानेच आपल्या नवव्या ग्रंथात केली आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ शार्ल रनूव्हिए याने १८७६ मध्ये या प्रकाराला ‘युक्रोनी’ हे स्वतंत्र नाव दिले. नाझी विजयाची कल्पना तर युद्धाच्याही आधीची आहे. कॅथरीन बर्डेकिन या इंग्रज लेखिकेची ‘स्वस्तिका नाइट’ १९३७ मध्येच निघाली होती. फिलिप डिकची ‘द मॅन इन द हाय कॅसल’ १९६२ ची आणि रॉबर्ट हॅरिसची ‘फादरलँड’ १९९२ ची. योगायोग असा की ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’देखील त्याच वर्षीचा.

मराठी वाचकाला या प्रकाराची ओळख करून दिली ती जयंत नारळीकरांनी. त्यांचे गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक; ते अचानक अशा जगात जाऊन पडतात की जेथे पानिपतावर विश्वासरावांना लागावयाची गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठे जिंकले. पराभवाला ‘पानिपत’ हाच प्रतिशब्द ज्या भाषेत रूढ झाला आहे, त्या भाषेच्या वाचकाला त्या कथेची गोडी काय आहे हे निराळे समजावून सांगावयास नको. मात्र त्या कथेत आणि आपल्या खेळात एक मोठा फरक आहे. गंगाधरपंत पराभवाच्या जगातून विजयाच्या जगात जातात. ब्लाझकोविचचा प्रवास नेमका उलटा आहे. दोघांत साम्य एवढेच की नव्या जगात उतरल्यावर दोघेही प्रथम शोधतात ते वाचण्याजोगे काही. पंत ग्रंथालयात जातात. ब्लाझकोविचला वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर भागवावे लागते.

माझ्या मते या खेळाच्या आकर्षणाचे मर्म त्या चौदा वर्षांत आहे. त्याच्या आधी महायुद्धावर निघालेले प्रसिद्ध खेळ आठवावेत : १९९९ चा ‘मेडल ऑफ ऑनर’, २००३ चा ‘कॉल ऑफ ड्यूटी’. त्यांत खेळाडू नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरतो किंवा स्टालिनग्राडमध्ये लढतो, तेव्हा पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असते. तो मेला तर प्रसंग पुन्हा सुरू होतो, पण युद्धाचा निकाल आधीच लागून चुकला आहे. इतिहास त्याच्या पाठीशी उभा असतो आणि तो आखलेल्या वाटेने चालत असतो. ‘द न्यू ऑर्डर’मध्ये हा पाठीराखा काढून घेतला जातो. ब्लाझकोविच १९४६ मध्ये बेशुद्ध झाला तेव्हा त्याच्या मनात युद्धाचा एक अपेक्षित शेवट होता. खेळाडूच्या मनातही एक शेवट असतो, आणि तो खरा घडलेला असतो. जागे झाल्यावर दोघांनाही कळते की तो शेवट या जगात नाही. आन्या ओलिवा ही परिचारिका आणि तिचे आजी-आजोबा त्याला अमेरिकेच्या शरणागतीविषयी सांगतात, त्या वेळी त्याचे अज्ञान आणि आपले अज्ञान अगदी सारखे असते. इतर सारी पात्रे त्या जगात मुरलेली आहेत. ‘हे असे व्हावयाचे नव्हते’ ही जाणीव ताजी आहे ती केवळ नायकाला आणि खेळाडूला. एरवी ज्या इतिहासाकडे आपण पाठ्यपुस्तकातील सनावळी म्हणून पाहिले, तो येथे हरवलेल्या वस्तूसारखा मोलाचा वाटू लागतो. मला तरी या खेळाने १९४५ या सालाची किंमत जितकी जाणवून दिली, तितकी पुष्कळ व्याख्यानांनी दिली नव्हती. त्यांत माझी स्वतःची व्याख्यानेही आली.

मनोरुग्णालयाचा प्रसंग येथे जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. खेळाडूला हालचाल करता येत नाही. समोर खोली आहे, खिडकीतला उजेड बदलतो, ऋतू जातात, आन्या घास भरवते, आणि मधूनमधून गणवेशातील माणसे येऊन एखाद्या रुग्णाला घेऊन जातात. बंदुकीच्या खेळात बंदूक तर नाहीच, पण हातही नाहीत. मग १९६० मध्ये एके दिवशी रुग्णालय बंद करण्याचा हुकूम येतो, आणि बंद करणे म्हणजे काय ते सैनिक दाखवू लागतात. हे सारे खेळ रचणाऱ्यांच्या कल्पनेतून निघाले असेल अशी ज्याची समजूत होईल त्याने खरा इतिहास पाहावा. १९३९ च्या शरदऋतूत जर्मन सैन्याने पोलंड व्यापला, त्यानंतर काही आठवड्यांतच तेथील मनोरुग्णालयांतील रुग्णांना गोळ्या घालण्यास प्रारंभ झाला होता. खुद्द जर्मनीत बर्लिनच्या टिअरगार्टन रस्त्यावरील चार क्रमांकाच्या घरावरून ‘टी-४’ असे नाव मिळालेल्या योजनेखाली ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांहून अधिक रुग्ण व अपंग माणसे विषारी वायूने मारण्यात आली, आणि योजना औपचारिक रीत्या थांबवल्यानंतरही हत्या इतर मार्गांनी चालूच राहिली. म्हणजे खेळातील या प्रसंगात कल्पित आहे ती केवळ तारीख. ज्या गोष्टी १९४५ मध्ये बळाने थांबवाव्या लागल्या त्या कोणी थांबवल्या नसत्या तर १९६० मध्येही चालू असत्या, एवढेच तो प्रसंग सांगतो, आणि इतिहासाच्या दृष्टीने ते विधान मुळीच अतिशयोक्त नाही.

हाच धागा पुढे बर्लिनमधील बंडखोरांच्या गुप्त निवासात येतो. तेथे मॅक्स हास नावाचा एक धिप्पाड पण लहान मुलासारखा माणूस राहतो. त्याच्या कवटीचा एक भागच नाही, आणि स्वतःच्या नावाखेरीज तो फारसे काही बोलत नाही. त्याचा सांभाळ करणारा क्लाउस हा पूर्वीचा नाझी. त्याचा तान्हा मुलगा वाकड्या पावलांचा जन्मला म्हणून राजवटीने त्याला मारले. खेळाडूला कधी मॅक्सची हरवलेली खेळणी शोधून आणून द्यावी लागतात. दोन लढायांच्या मध्ये ही कामे करताना वेळ वाया जातो अशी तक्रार काही खेळाडू करतात. मला ती मान्य नाही. ज्या राजवटीने मॅक्ससारख्यांना जगण्यास अपात्र ठरवले, तिच्या राजधानीतच एका तळघरात कोणी त्याची खेळणी शोधत फिरते, हे मला या खेळातील सर्वांत मोठे बंड वाटते.

आता वास्तूंकडे वळू; कारण या जगाचे रूप प्रथम डोळ्यांत भरते ते त्याच्या काँक्रीटमुळे. बर्लिन, लंडन, जिब्राल्टरचा पूल, जेथे जावे तेथे करड्या रंगाच्या प्रचंड भिंती माणसाला मुंगी करून टाकतात. आल्बेर्ट श्पेअर याने हिटलरसाठी आखलेल्या नव्या बर्लिनचे आराखडे उपलब्ध आहेत. त्यातील महासभागृहाचा घुमट सुमारे २९० मीटर उंच व्हावयाचा होता. एक विजयकमानही उभी राहावयाची होती. बर्लिनची दलदलीची जमीन ही कमान पेलेल की नाही हे पाहण्यासाठी १९४१-४२ मध्ये काँक्रीटचे एक अवजड वर्तुळाकार दंडगोल उभारण्यात आले. त्याचे वजन १२,६५० टन आणि ते उभारण्याच्या कामाला फ्रेंच युद्धकैद्यांना जुंपलेले. ते थोड्याच वर्षांत सुमारे १९ सेंटिमीटर खचले. कमान कधी उभी राहिली नाही. दंडगोल मात्र टेम्पलहोफ भागात आजही आहे, आणि त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला आहे. खेळाच्या कथेत नाझींच्या या सगळ्या महावास्तू एका विशेष प्रकारच्या काँक्रीटने बांधलेल्या आहेत, आणि त्या काँक्रीटच्या कृतीत छळछावणीतील सेट रोथ या ज्यू शास्त्रज्ञाने मुद्दाम दोष ठेवून दिला आहे. भिंतींना बुरशी धरते आणि त्या आतून भुसभुशीत होत जातात. खेळ रचणाऱ्यांना तो दंडगोल ठाऊक होता की नाही हा प्रश्न गौण आहे. पण हजार वर्षे टिकावयाचे म्हणून जे बांधावयास घेतले त्याखालची जमीनच खचत होती, हे ज्याने वाचले आहे त्याला त्या बुरशीत निव्वळ कथेची सोय दिसत नाही. कोणती भिंत कधी ढासळेल या आशेने तो चालत राहतो.

खेळ म्हणून तो कसा चालतो, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर हे सर्व एखाद्या कादंबरीविषयीच लिहिले आहे असे वाटेल. बहुतेक ठिकाणी खेळाडूपुढे दोन वाटा असतात. शत्रूच्या तुकडीत एक-दोन अधिकारी असतात आणि चाहूल लागली की ते कुमक मागवतात. ते किती अंतरावर आहेत हे पडद्यावर दिसत राहते. दबकत जाऊन त्यांना आधी गाठले तर पुढचे काम हलके होते, आणि चूक झाली तर दोन्ही हातांत दोन बंदुका घेऊन जे होईल ते निस्तरावे लागते. मला पहिली वाट अधिक प्रिय आहे, आणि त्याचे कारण केवळ वयोमानाने मंदावलेली बोटे हे नव्हे. दबकत जाताना शत्रूचे बोलणे कानावर पडते. बदली, बढती, घरची पत्रे. ही माणसे राक्षसासारखी बोलत नाहीत. आपल्या परिचयाच्या कचेरीतील माणसांसारखी बोलतात, आणि त्यामुळेच अंगावर शहारा येतो. प्रकृतीच्या हिशेबातही एक बारीक खुबी आहे. जखमी झाल्यावर थोडे थांबले की प्रकृतीचा आकडा आपोआप वाढतो, पण तो जवळच्या वीसच्या पटीपर्यंतच. त्यापुढचे नुकसान औषध सापडल्याखेरीज भरून येत नाही. लेझरचे एक यंत्रही हाती येते. ते शस्त्र आहे तसे जाळ्या आणि पत्रे कापण्याचे अवजारही आहे, आणि ते घेऊन एखाद्या गवंड्याच्या तन्मयतेने भिंतीचे कोपरे तपासत बसण्यात माझी किती संध्याकाळ गेली याचा हिशेब न ठेवलेला बरा.

पण खेळाचे सामर्थ्य जेवढे हातांत आहे तेवढीच त्याची असमर्थता कथेत आहे, आणि या दोहोंच्या ताणातून त्याचा रस निर्माण होतो असे मला वाटते. प्रत्येक खोली जिंकता येते. जग जिंकता येत नाही. आरंभीच डेथ्सहेड ब्लाझकोविचला आपल्या दोन सोबत्यांपैकी एक निवडावयास लावतो : पोक्त स्कॉट वैमानिक फर्गस रीड की कोवळा वायट. ज्याच्यावर नजर ठेवून कळ दाबावी तो मारला जातो. त्या निवडीप्रमाणे पुढच्या कथेत काही पात्रे आणि काही प्रसंग बदलतात; एक वाचला तर टेक्ला ही गणिती भेटते, दुसरा वाचला तर एक कृष्णवर्णीय गिटारवादक भेटतो. दोन्ही वाटा खेळून पाहणाऱ्याला दोन्ही माणसे मिळतात, पण एका वेळी नाही. पर्यायी इतिहासाच्या आत आणखी एक पर्यायी इतिहास असा हा प्रकार आहे. मी पहिल्यांदा वायटला वाचवले. दुसऱ्यांदा खेळताना फर्गसला वाचवावयाचे ठरवून बसलो होतो. तरी त्या खोलीत पोहोचल्यावर कळीवरचे बोट बराच वेळ हलले नाही. कोणता निर्णय योग्य, हे खेळ शेवटपर्यंत सांगत नाही.

संगीताविषयी एकच गोष्ट नोंदवतो. नाझी विजयानंतरच्या १९६० च्या दशकातील लोकप्रिय गीते कशी असती, या कल्पनेने या खेळासाठी जर्मन भाषेत गाणी रचली गेली. बीटल्सच्या जागी ‘डी केफर’ नावाचे वादकवृंद आहे. ऐकताना प्रथम हसू येते. मग आठवते की खरे बीटल्स ऑगस्ट १९६० मध्ये हांबुर्गमध्ये गाण्यासाठी गेले होते, आणि १९६४ मध्ये त्यांनी आपली दोन गाणी जर्मनमध्येही ध्वनिमुद्रित केली होती. खरा इतिहास त्या थट्टेपासून हाताच्या अंतरावर होता.

येथवर स्तुती झाली. आता जे मला खटकते ते लपवून ठेवले तर आमच्या विद्यार्थिनीवर अन्याय होईल. कथेचा एक भाग क्रोएशियातील बेलिका या कल्पित छळछावणीत घडतो. आत शिरताच ब्लाझकोविचच्या हातावर क्रमांक गोंदला जातो. तेथील भीती, कष्ट, पहारे हे सर्व गांभीर्याने दाखवले आहे. पण शेवटी एक प्रचंड यंत्रमानव हाती घेऊन छावणी उद्ध्वस्त करावयाची आहे, आणि खेळाडूचा आनंद तेथे शिगेला पोहोचतो. खऱ्या छावण्यांतील माणसांच्या हाती असा यंत्रमानव नव्हता. तरीही सोबिबोर येथे ऑक्टोबर १९४३ मध्ये कैद्यांनी उठाव केला होता, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या यांत्रिक सुटकेची थोडी लाज वाटल्याशिवाय राहत नाही.

याहून गंभीर आक्षेप यंत्रांविषयीचा आहे. नाझींची अद्भुत यंत्रे ही ‘दाअत यिखुद’ नावाच्या एका प्राचीन ज्यू पंथाच्या ज्ञानातून चोरलेली आहेत, असे कथानक सांगते. हेतू उघडच चांगला आहे : राजवटीचे सारे तेज उसने आहे असे दाखवावयाचे. परंतु ज्यूंपाशी जगाला ठाऊक नसलेले गुप्त सामर्थ्य आहे, ही कल्पना खुद्द ज्यूद्वेष्ट्यांचीच जुनी ठेव होय. ती उलटी फिरवून वापरली तरी तिचा वास जात नाही. शिवाय जर्मनीला थोडा वेळ अधिक मिळाला असता तर तिच्या अद्भुत शस्त्रांनी युद्ध फिरले असते, या लोकप्रिय समजुतीला खेळ खतपाणी घालतो. व्ही-२ हे अग्निबाण ज्या मिटेलबाऊ-डोरा छावणीच्या बोगद्यांत तयार होत, तेथे आणलेल्या सुमारे साठ हजार कैद्यांपैकी वीस हजारांच्या आसपास मेले. त्या शस्त्राच्या माऱ्याने जितके मेले त्याहून अधिक ते बनवताना मेले, असा हिशेब इतिहासकार मांडतात. तेथे अद्भुत असे काही नव्हते. खेळातील बंडखोरांनी धारण केलेले ‘क्रायसाऊ मंडळ’ हे नावही इतिहासातले आहे. हेल्मुट फॉन मोल्टके याच्या सायलेशियातील वाडीवर जमणारे ते मंडळ मुख्यतः हिटलरनंतरच्या जर्मनीचा विचार करीत असे. मोल्टके हिटलरच्या हत्येच्या कल्पनेलाही अनुकूल नव्हता, आणि तरीही जानेवारी १९४५ मध्ये त्याला फाशी देण्यात आले. त्या विचारी माणसांचे नाव बंदूकधाऱ्यांना देणे हे मला अजूनही पुरते रुचलेले नाही.

जर्मनीत काय झाले हेही येथे सांगण्यासारखे आहे. निषिद्ध संघटनांच्या चिन्हांविषयीच्या तेथील कायद्यामुळे १९९२ चा खेळ १९९४ मध्ये जप्त झाला होता. ‘द न्यू ऑर्डर’च्या जर्मन आवृत्तीतून स्वस्तिके काढावी लागली, २०१७ मध्ये निघालेल्या ‘द न्यू कोलोसस’ या उत्तरभागात तर हिटलरची मिशी उतरवून त्याला ‘हर हायलर’ असे भलतेच नाव दिले गेले. ऑगस्ट २०१८ पासून चित्रपटांप्रमाणे खेळांचाही प्रसंग पाहून विचार करण्याचे धोरण तेथील वर्गीकरण-संस्थेने स्वीकारले. ज्या देशाला हा पर्यायी इतिहास सर्वाधिक लागू, तेथेच तो काही वर्षे बिननावाच्या हुकूमशाहीची गोष्ट होऊन राहिला होता.

आता एक मुद्दा, जो युरोपीय किंवा अमेरिकन खेळाडूला सहसा सुचणार नाही. खेळातील भय कशाचे आहे? परक्यांची सत्ता आली आहे, रस्त्यांची नावे बदलली आहेत, राज्यकर्त्यांची भाषा आल्याखेरीज चाकरी नाही, त्यांच्या वास्तू आपल्या शहरांच्या छातीवर उभ्या आहेत, आणि वंशावरून माणसाची किंमत ठरते आहे. यातील पुष्कळ गोष्टी आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेल्या आहेत, आणि त्या पर्यायी नव्हत्या. मार्तिनीकचा कवी एमे सेझेर याने १९५० मध्ये असे प्रतिपादन केले होते की, युरोपाने हिटलरला क्षमा केली नाही, कारण वसाहतींतील लोकांसाठी राखून ठेवलेल्या रीती त्याने गोऱ्या माणसांवर चालवल्या. हे विधान जसेच्या तसे मी स्वीकारत नाही. छळछावण्यांतील वंशसंहार आणि वसाहतींचा कारभार यांना एकाच मापाने मोजणे मला अशास्त्रीय वाटते. तरीही हा खेळ खेळताना सेझेर आठवतो. उत्तरभागात रॉझवेल गावात मुखवटेधारी क्लॅनचे सभासद आपल्या नव्या जर्मन मालकांची भाषा शिकताना दिसतात; ते पाहून मेकॉलेच्या देशबांधवांनी स्थापिलेल्या विद्यापीठांपैकी एकाच्या परंपरेत वाढलेल्या मला केवळ हसून मोकळे होता आले नाही. आणि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतील नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये इटलीत जर्मन मशीनगनच्या मोर्चावर एकटे चालून गेले आणि तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. एका साम्राज्याचा प्रजाजन दुसऱ्या साम्राज्याविरुद्ध लढत होता. खेळातील काळे-पांढरे जग त्यांना समजले असते काय, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

बंडखोरांच्या निवासात वरच्या मजल्यावर एक जुनी गादी पडलेली आहे. तिच्यावर झोपले की ब्लाझकोविचला दुःस्वप्न पडते, आणि त्या स्वप्नात खेळाडू एकदम १९९२ च्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’मध्ये जाऊन पडतो : त्याच सपाट भिंती, तेच पुठ्ठ्याचे पहारेकरी. बावीस वर्षांपूर्वी जो निखळ खेळ होता तो येथे भयस्वप्न म्हणून परत येतो. गेल्या महिन्यात ती विद्यार्थिनी माझ्या खोलीत आली असता मी तिला हाच प्रसंग संगणकावर दाखवला. तिने तो शांतपणे पाहिला. मग कळफलक स्वतःकडे ओढून घेऊन विचारले की सुरुवातीच्या त्या निवडीत मी कोणाला मारले होते. मी सांगितले. “मग मला पहिल्यापासून सुरू करून द्या,” ती म्हणाली. “माझी निवड मी करीन.”